दुसरं टोक

नुकतंच दत्तक घेतलेलं आमचं कुत्रं पट्टा पाहिला की पलंगाखाली दडायचं. म्हणून नवऱ्याचा नियम होता: पट्टा गळ्यात अडकवायचा, घरभर मागे फरपटू द्यायचा, पण त्याचं दुसरं टोक कुणीही धरायचं नाही. आज ते टोक दाराच्या फटीत अडकलं म्हणून मी उचललं, तर केवढ्यांदा खेकसला माझ्यावर!

"सोड आधी! धाक घातला की कुणी जीव लावतं का?"

संध्याकाळी मी चपला घातल्या.

"कुठे? कुणाला विचारून?"

"ताईकडे."

"लोकेशन चालू ठेव. मागच्या वेळी बंद होतं. आणि पहिल्या रिंगला फोन उचलायचा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लोकेशन चालू केलं आणि फोन त्याच्या हातात कोंबला.

"धर. दोन्ही टोकं तुझ्याकडेच राहू देत."