लाल की निळी?

“निळी हरेल,” तोताराम आबांनी माईकवर सांगून टाकलं. निळी म्हणजे नूतन. तिने अजून मॅटवर पायसुद्धा ठेवला नव्हता.

मांडवात हशा पिकला, टाळ्या पडल्या. सकाळपासून हेच चाललं होतं. जळगावच्या एका कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या होत्या आणि मुक्ताईनगरकडचे तोताराम आबा प्रमुख पाहुणे होते. एके काळचे नावाजलेले पैलवान, आता केळीचे मोठे बागायतदार. विजेत्या कॉलेजला मिळणारी ढाल त्यांच्याच वडिलांच्या नावाची. प्रत्येक कुस्तीआधी यजमान कॉलेजचे नीलेश सर त्यांच्यापुढे माईक धरायचे, “आबा, लाल की निळा?” आबा दोघांवरून नुसती नजर फिरवायचे आणि रंग सांगायचे, नाहीतर हसून माईक परतवायचे. सांगितलेला रंग अजून एकदाही चुकला नव्हता. नजर असावी तर अशी, असं लोक म्हणत होते.

नूतनच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती शिरपूरकडून आलेल्या कॉलेजची. तिच्या कॉलेजच्या एकेका पोराला आबांनी आधी माईकवर पाडलं, मग समोरच्याने मॅटवर. जत्रेतल्या कुस्त्यांत ज्याला कुणी जागचं हलवत नाही, तो धनसिंगसुद्धा पहिल्या फेरीत पुढे होता आणि दुसरीत चितपट झाला. आता तिची पाळी. ही कुस्ती जिंकली तर विद्यापीठाच्या संघात जागा होती. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नव्हतं. आणि हा म्हातारा खुर्चीत बसून निकाल असा वाटत होता, जसा काही सत्यनारायणाचा प्रसाद!

पंचांनी शिट्टी वाजवली. नूतन मॅटकडे गेलीच नाही. ती तरातरा पाहुण्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

“आबा, मी आजून मॅटवर पायबी नही ठेवा. तुम्ही मना निकाल कसा सांगी टाका? मनाकडे धड देखं तरी का?”

नीलेश सर मध्ये पडायला धावले. आबांनी त्यांना हातानेच थांबवलं. पोरीचा राग बघून त्यांना मौज वाटली असावी. माईकवर तळवा ठेवून ते हळूच म्हणाले, “तुह्याकडे नाई पाह्यलं, पोरी. सकाळी वजनं झाली तव्हा मी नास्त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसेल होतो. कोन खाऊन आलं अन् कोन तसंच परत फिरलं, तेवढं पाह्यलं. उपाशी पोरगं दुसऱ्या फेरीत बसतंच. त्याच्यात काय भविष्य!”

वजनात बसायचं म्हणून आदल्या दुपारपासून नूतनच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तिचीच का, सगळ्याच पोरांची ती गत. वजन झालं की खायचं, हा पैलवानांचा रिवाज. पण धरणगावच्या अलीकडे एसटीचा टायर बसला. पोरं वजनाला कशीबशी पोचली, आणि नाश्त्याच्या खिडकीवर उत्तर मिळालं की कुपनाची वेळ संपली. आत पोह्यांची पातेली अर्धी भरलेली दिसत होती. पोरं नळाचं पाणी पिऊन मांडवात येऊन बसली. आणि हे सगळं या माणसाने पाहिलं होतं. पाहून त्याचा खेळ केला होता.

“मंग हाई काबरं नही सांगं माईकवर?” ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. आबांचं हसू मात्र उतरलं. माईकवरचा तळवा त्यांनी काढला आणि ते उठून उभे राहिले.

“ही कुस्ती आत्ता होनार नाई. ज्याईले सकाळी कूपन नाई भेटलं, त्याईले आधी जेवू घाला. पोरं जरा आडवी होतीन, उन्हं कलतीन, मंग कुस्त्या.”

“आबा, वेळापत्रक ठरलंय,” नीलेश सर गडबडले. “जेवणानंतर सत्कार आहे. तुमचाच.”

“उपाशी पोरं पाडून माहा सत्कार करता? नसन जमत तं ढाल मी गाडीत टाकतो अन् घरी नेतो!”

मग काय, जमलं. सकाळी जे वेळेत बसत नव्हतं ते सगळं दुपारी वेळेत बसलं. वरण-बट्टीची ताटं लागली. बंद झालेली खिडकीही उघडली.

“आन् धनसिंगनी कुस्ती?” नूतनने विचारलं.

आबांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी गुणपत्रक पुढे केलं. झालेली कुस्ती झाली, निकाल लागला, नियम म्हणजे नियम. कूपन नाकारणाऱ्याला लावायला मात्र कुणाजवळ नियम नव्हता. धनसिंग बुटांच्या नाड्या सोडत एका बाजूला बसला होता. नूतनने आबांचे आभार मानले नाहीत. तिने ते मानावेत तरी कशाला?

ती बेताचंच जेवली आणि लिंबाखाली आडवी झाली. उन्हं कलल्यावर तिचं नाव पुकारलं गेलं. समोर लाल पोशाखात यजमान कॉलेजची ऋतिका उभी होती. तीही काही लेचीपेची नव्हती. दोघींनी हातात हात दिले.

नीलेश सरांनी सवयीने माईक पुढे धरला. “आबा, लाल की निळी?”

आबांनी ऋतिकाकडे पाहिलं. नूतनकडे पाहिलं. या खेपेला अगदी निरखून पाहिलं, पायांपासून खांद्यांपर्यंत. मांडव कान टवकारून बसला.

“आता मले काय माहीत!” आबा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून कुस्ती पाहायला बसले.