मान वळणारा फ्लॅश

ताईच्या लग्नाचे फोटो काढायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, म्हणून कॅमेऱ्यासाठी वेगळा फ्लॅश घेणं आलं. दुकानदाराने माझा चेहरा बघूनच सगळ्यांत स्वस्तातला पुढे केला, पण त्याची मान वळत नव्हती. थोडी पदरमोड करून मी मान वळणारा घेतला. त्याचा उजेड छतावर मारता येतो आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

घरी सगळ्यांवर प्रयोग करून झाले, एकदा तर चुकून बाबांच्या तोंडावरच उडाला. मग बाबा चाचपडत आले आणि खुर्चीत बसले. नजर गेल्यापासून त्यांनी एकही फोटो काढू दिला नव्हता.

"माझा काढ," ते म्हणाले.

मी फ्लॅशची मान छताकडे वळवली आणि बटण दाबलं.

"उडाला का रे?"

"उडाला की. छतावर मारला, बाबा. डोळ्यांना त्रास नको."

बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली.

 

"मघाशी चुकून माझ्या तोंडावर मारलास ना, तसा मार. तेव्हा उजेड दिसला मला."