डिफॉल्ट प्रिंटर

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या डिझाइन स्टुडिओत नऊ वर्कस्टेशन्स आणि दोन कलर प्रिंटर. कुणी कुठला वापरायचा हे आधी ज्याचं तो ठरवायचा. मग मुरलीधर मॅनेजर झाले, त्यांना पारदर्शकतेचा झटका आला आणि सगळ्यांचा डिफॉल्ट प्रिंटर एकच झाला: वरच्या मजल्यावर, त्यांच्या केबिनच्या दाराशी असलेला.

"सगळ्यांचे प्रिंट माझ्या डोळ्यांसमोर पडू देत," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "ऑफिसात लपवण्यासारखं असतंच काय?"

काल मी दुसऱ्या एका कंपनीत द्यायचा माझा सीव्ही प्रिंटला पाठवला आणि प्रिंटर बदलायला साफ विसरलो. चार पानं, फुल कलर, वर केशरी अक्षरांत हे भलंमोठं 'अपूर्व'. माझा व्हिसा याच नोकरीवर आहे, त्यामुळे जिना कसा चढलो ते आठवत नाही. नशिबाने मुरलीधर किचनमध्ये चहा करत होते. मी ट्रेमधला अख्खा गठ्ठा उचलला.

वरची चार पानं माझी होती. खालची तीन म्हणजे मुरलीधरांचा सीव्ही, त्याच कंपनीला लिहिलेल्या कव्हर लेटरसकट.

वळलो तर ते मागेच, चहाचा मग घेऊन उभे. माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "अपूर्व, माझी तेवढी दे."

मी दिली.



दुपारी सगळ्या स्टाफला त्यांची ईमेल आली: "तुमच्या प्रायव्हसीचा आदर म्हणून, उद्यापासून प्रत्येकाने आपला प्रिंटर स्वतः निवडावा."