उपयोग : इतर

'माजी मालगुजारी' या नावाचं आद्याक्षरांपुरतं सरकारने 'मामा' करून टाकलेल्या त्या तलावाचा एक कोपरा उपग्रहाच्या नकाशात 'निरुपयोगी तण' ठरला होता. सर्वेक्षक वृषालीने सही केली की काठावरचा जेसीबी तो खरवडणार होता. मासेमार ढिवरांच्या पार्बताबाई कमरेइतक्या पाण्यात वाट अडवून उभ्या होत्या.

"मॅडम, वरून पाहून पोटुशी ओळखते का कोनी? हात घाला."

वृषालीने गवताच्या मुळाशी हात घातला. बोटांना भिजलेल्या खसखशीसारखी मासोळीची अंडी लागली. मग पार्बताबाईंनी नुसत्या तळपायांनी चाचपत अख्खा तलाव सांगितला, गाळ कुठे, झरा कुठे, कोणती मासोळी कुठे अंडी घालते. चार महिने टॅब मिरवत फिरलेली वृषाली विद्यार्थिनीसारखी ऐकत राहिली.

तिने 'उपयोग'चा रकाना उघडला. यादीत पिण्याचं पाणी होतं, सिंचन होतं, सेल्फी काढायला पर्यटनही होतं. बाळंतपण नव्हतं.

"मावशी, काय लिहू?"

"तलावाचं नावच मामा हाय. मासोळी बाळंतपनाले भावाघरी नाही येनार, त का कलेक्टराच्या बंगल्यात जाईन?"

वृषालीने 'इतर' निवडून 'माहेर' लिहिलं आणि जेसीबीवाल्याला घरी धाडलं.