घोरण्याची कारणं

‘चौकशी समितीचे अध्यक्ष सुनावणीत घोरतात, ते केवळ आजारामुळे,’ असा खुलासा कारखान्याच्या फळ्यावर लागला. कारणंही दिली होती: वाढलेलं वजन, चोंदलेलं नाक, उताणं झोपणं.

बॉयलरच्या स्फोटात नवरा गमावलेल्या आणि वर त्याच्यावरच ठपका आलेल्या बाईने ती कारणं नीट वाचली. अध्यक्ष काडीपैलवान होते, खुर्चीत ताठ बसत, आणि शेजारच्या खोलीत चहा उकळला की पहिला वास त्यांनाच लागे. शिवाय मालकांचा वकील बोलत असेपर्यंत ते टक्क जागे असत. तिने ‘व्हॉल्व्ह गळतोय हे माझ्या नवऱ्याने आधीच कळवलं होतं,’ असं म्हणताच घोरणं सुरू होई.

आजही झालं. दीर कुजबुजला, “वहिनी, बसा आता. झोपलेल्याला काय सांगताय?”

“थांबा हो भावोजी.” मग आवाज जराही न चढवता ती म्हणाली, “साहेब, पायाशी उंदीर.”

अध्यक्षांचे दोन्ही पाय झटकन खुर्चीवर आले. घोरणं मात्र चालूच राहिलं.

मग त्यांनी हळूच एक डोळा उघडला.



“बाई, जागेपणी ऐकलं असतं, तर निकाल तुमच्या बाजूने द्यावा लागला असता.”