दबलेली सीट

बाबा गेले आणि दवाखान्यामागच्या हिरवळीचं काम माझ्या गळ्यात पडलं. गवत कापायची, वर बसून चालवायची गाडीही त्यांचीच. आज कापलेल्या गवताचे पट्टे स्वच्छ आले नाहीत, तर दवाखान्याचे साहेब दुसरा माणूस बघणार होते.

पट्टे काही स्वच्छ येईनात. गवत दवाने ओलं, त्यावर पानांचा थर, आणि मी घाईत. कापलेलं गवत गाडीमागच्या पिशवीत नेणारं नळकांडं सारखं तुंबायचं आणि अर्धा कचरा जमिनीवरच राहायचा.

"अगं, ते इतकी पळवायचे नाहीत," पायरीवर बसलेली आई म्हणाली. "इंजिन जोरात, चाल सावकाश."

"तू कधी चालवलीयेस का?"

नळकांडं पुन्हा तुंबलं. मी वैतागून खाली उतरले. सीटवरून माणूस उठला की ही गाडी आपोआप बंद पडते. पात्यात कुणाचा हात जाऊ नये म्हणून तशी सोयच आहे.

गाडी बंद पडली नाही.

मी सीटकडे पाहिलं. माझ्या वजनाने कधीच दबली नव्हती, इतकी ती दबली होती.

मी मागे सरले. इंजिनाचा आवाज चढला, नळकांड्यातला बोळा धप्पकन पिशवीत पडला आणि गाडी सावकाश पुढे निघाली. तिच्यामागे विंचरल्यासारखा पट्टा उमटत गेला. एक पान मागे राहिलं नाही.

टोकाला वळून ती माझ्यापाशी येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. सीटची माझ्याकडची बाजू हळूहळू वर आली.

"बस ना आता," आई म्हणाली. "सरकलेत ते."