माझ्यासमोर नको

"हे प्रकरण माझ्यासमोर नको," एवढंच बोलून न्यायाधीश आशालताबाईंनी फाईल मिटली.

पौडच्या कोर्टात मागच्या बाकावर बसलेल्या सोपानला आधी काही उमगलंच नाही. हिंजवडीहून कामावरून परत येताना त्याच्या शीतलला घोटावड्याच्या रस्त्यावर भरधाव डंपरनं चिरडलं होतं. एकुलती एक पोर. दिवाळीनंतर तिला उजवायची, म्हणून स्थळं बघणं चाललेलं, आणि पोरगी प्रत्येक स्थळात काही ना काही खोट काढायची. खटला आशालताबाईंकडे आला, तेव्हा माले गावातली माणसं सोपानला म्हणाली होती, आता निर्धास्त राहा, ही बाई कुणाच्या बापाला भीत नाही.

आणि तीच बाई आज हात झटकून मोकळी झाली.

"म्हंजी काय झालं ओ?" बाहेर आल्यावर त्यानं सरकारी वकील तृप्तीताईंना विचारलं.

"केस दुसऱ्या कोर्टात जाईल, काका. कुणाशी ओळख असली की न्यायाधीश असं करतात."

"डंपरवाल्याची वळक हाय व्हय त्यांची?"

"कारण त्या वरिष्ठांना कळवतील. मला ते विचारता येत नाही."

डंपरचा मालक फाटकाशी आपल्या वकिलाबरोबर हसत उभा होता. गाडी त्यानं केव्हाच सोडवून आणली होती. ती पुन्हा त्याच रस्त्यानं धावत होती आणि गावच्या पोरी त्याच रस्त्यानं कामावर जात होत्या. सोपानचं काळीज जळत राहिलं.

संध्याकाळी तो बायकोला, गंगूबाईला, घेऊन आशालताबाईंच्या घरी गेला. असं जाऊ नका, हे तृप्तीताईंनी बजावलं होतं. पण मेलेल्या पोरीच्या आईबापाला कुणी काय बजावायचं?

दार अर्धवट उघडलं. बाई आतच उभ्या राहिल्या. बसा नाही, पाणी नाही. आपल्याकडे वाट चुकून आलेल्यालाही पाणी विचारतात.

"म्याडम, तुमीच चालवा केस," सोपाननं हात जोडले. "दुसरीकडं आमाला कोन इचारतंय?"

"मला तुमच्याशी बोलता येणार नाही."

गंगूबाईनं पिशवीतून शीतलचा फोटो काढून पुढं धरला. "येकडाव बगा तरी हिच्याकडं."

बाईंनी मान फिरवली. "घरी जा. हात जोडते, जा."

"तुमच्या घरातली आसती म्हंजी कळालं आसतं," गंगूबाई म्हणाली.

दार लागलं.

"इकली गेली बाई," रस्त्याला लागल्यावर सोपान म्हणाला. गंगूबाई पदरात फोटो धरून नुसती चालत राहिली. तिला वाईट याचंच वाटत होतं, की बाईनं पोरीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

आत आशालताबाई दाराला पाठ टेकून उभ्या होत्या. त्यांचा मुलगा निरंजन स्वयंपाकघरातून बाहेर आला. त्याचे डोळे सुजले होते.

"बोलले, तर डंपरवाल्याचा वकील उद्या म्हणेल, पोलिसांवर न्यायाधीशाचं वजन होतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "मग तो सुटेल. निकाल लागू दे, मी स्वतः त्यांच्या दारात जाईन."

"पाया तरी पडू द्यायचं होतंस, आई," निरंजन म्हणाला. "माझे सासूसासरे पहिल्यांदाच घरी आले होते."